ओढ्यात कोणी उतरत नाही

कॅली स्टेशन, अलाबामा
१२ मार्च १९९१

ती. लुडीताईस,
प्रभूच्या नावात सलाम.

तुझं खोकं शनिवारी पोचलं. आलेल्या वस्तू अशा: अंजिराच्या मुरांब्याच्या तीन बरण्या, पैकी एक फुटलेली, सोललेल्या पिकान-अक्रोडांची पिशवी, एल्बर्टसाठी विणलेले मोजे, आणि तुझ्या नातीच्या, जोएलाच्या हातची चिठ्ठी. टपालखर्च तीन डॉलर वीस सेंट, असं तिकिटांवरून दिसलं. तेवढ्यात इथल्या दुकानात मुरांब्याच्या दोन बरण्या येतात, ताई. पण दुकानातल्या मुरांब्याला तुझा हात नाही, म्हणून रागवत नाही. फुटलेल्या बरणीतला मुरांबा टाकताना फार जिवावर आलं. एल्बर्ट म्हणाले, "काचेसकट खाल्लास तर डॉक्टरला यापेक्षा जास्त द्यावे लागतील." मग टाकला.

मोजे त्यांना बरोब्बर झाले. आता शाळेची बस चालवताना पाय गार पडत नाहीत, असं सगळ्या वाडीला सांगत फिरतायत.

इथली बातमी म्हणजे कोंबड्या कापायचा कारखाना येणार हे नक्की झालं. पुलापलीकडे जुनी लाकडाची गिरणी होती ना, त्या जागी. राजधानीतून बडी माणसं आली, नव्याकोऱ्या फावड्यांनी जरा जरा माती उकरली, फोटो काढले आणि जेवून गेली. कारखान्याला दहा वर्षं कर माफ केलाय म्हणे. एल्बर्ट म्हणतात, "मीही जन्मभर कोंबड्याच खात आलोय, मला का नाही माफ करत?" पण थट्टा बाजूला, चारशे लोकांना काम मिळेल. आमच्या माउंट नेबो मंडळीतली निम्मी पोरं कामासाठी डेट्रॉइटच्या वाटेला लागली होती, ती थांबतील. पाळकांनी व्यासपीठावरून आभाराची प्रार्थना केली. मीही मनापासून आमेन म्हटलं.

आणखी एक सांगायचं राहिलं. मागच्या आठवड्यात पाण्याच्या खात्याचा माणूस माँटगोमेरीहून आला होता. मिस्टर प्रूइट. गोरा, अगदी तरुण, मानेवर उन्हाचे चट्टे. देवळाच्या किल्ल्या माझ्याकडे असतात म्हणून त्याला माझ्याकडेच पाठवलं. मी त्याला व्हरांड्यात बसवून चांगल्या बशीत केक दिला. त्याने दोन फोडी खाल्ल्या. ओढ्याबद्दल काहीबाही विचारत होता. लोक अंघोळीला कुठे जातात, असंसुद्धा विचारलं! मी त्याला आत नेऊन आमची गुलाबी फरशीची न्हाणी दाखवली. बिचारा लाजला. मग देवळात नेऊन बाप्तिस्म्याची नवी टाकी दाखवली, मागच्या भिंतीवर रंगवलेली यार्देन नदी दाखवली, पाणी कोमट करायचं बटण दाबून दाखवलं. आपल्या माणसांची मान खाली जाईल असं मी काही बोलले नाही, एवढं लक्षात ठेव.

जोएला दहा वर्षांची झाली आणि स्वतःहून बाप्तिस्मा मागते, हे वाचून डोळे भरले. तिच्या पांढऱ्या झग्याचं कापड माझ्याकडून. तू घेऊ नकोस.

तुझी धाकटी,
वर्नील


फोर्क्स
२० मे १९९१

वर्नी,

सलाम. तब्येत विचारू नकोस. गुरांच्या गोठ्याशी घसरले, कंबरेचं हाड दुखावलंय, काठी धरून चालते. फोन नाही ते बरंच आहे, असता तरी मला ऐकू आलं नसतं आणि तू बिलाच्या भीतीने अर्ध्यातच ठेवला असतास.

मी लिहितेय ते वेगळ्या कारणाने. पोस्टाच्या भिंतीवर सरकारी कागद लावलाय. जोएलाने वाचून दाखवला, मी तिला दोनदा वाचायला लावला, कारण पहिल्यांदा वाटलं पोरगी चुकतेय.

ऐक. सरकारच्या लेखी ओढ्याचे दोन प्रकार असतात. एक, ज्यात माणसं उतरतात. दुसरा, ज्यात फक्त मासे राहतात. माणसं उतरत असतील तर कारखान्याला पाणी नीट स्वच्छ करून मगच सोडावं लागतं. नुसते मासे असतील तर बरीच घाण चालते. आणि आपल्या टालोबी ओढ्याबद्दल, तुमच्या पुलापासून जिल्ह्याच्या हद्दीपर्यंत, लिहिलंय काय? "चौकशी केली असता, या ओढ्यात कोणीही उतरत नाही. बाप्तिस्म्याचा विधीही आता बंदिस्त जागेत होतो. मंडळीतील एका जबाबदार महिलेने ही माहिती दिली."

जबाबदार महिला! कुठली गं ही बया? तुमच्याच मंडळीतली असणार, कारण टाकी दुसऱ्या कुणाकडे नाही. तू त्याला टाकी दाखवलीस ते ठीक, पण असलं खोटं तुझ्या तोंडून निघणार नाही, हे मला ठाऊक आहे. मला तर त्या गाणाऱ्या ऑर्थेलचा संशय येतो. तिला पहिल्यापासून गोऱ्यांपुढे नाक वर करायची हौस.

तुमच्याकडे जे सोडतील ते वाहत कुठे येणार, वर्नी? ओढा काही उलटा वाहत नाही. हद्दीच्या खाली आमचं लिटल सोअरचं देऊळ आहे. आम्ही टाकीवाले नाही. आजपर्यंत आमच्यातला प्रत्येक जण त्या वळणावरच्या डोहात बुडून वर आलाय. माझी पोरगी तिथेच, आता जोएलाची पाळी. कोंबड्यांची आतडी धुतलेल्या पाण्यात तिला बुडवू? पाळकाला विचारलं तर म्हणतो, यंदाचं वर्ष निभावेल, पुढचं प्रभू जाणे.

जोएलाला म्हटलं, वर्नीमावशीकडे टाकीत घे हवा तर. ती म्हणाली, "तिथे बेडूक नसतात." ही अशी पोर.

तू किल्ल्या सांभाळतेस, तुला सगळं कळतं. शोधून काढ ती कोण. आणि तिला माझ्या वतीने सांग, की तिची जबाबदारी आम्हाला प्यावी लागणार आहे.

लुडी


कॅली स्टेशन
३ जून १९९१

ती. लुडीताईस,
प्रभूच्या नावात सलाम.

तुझं पत्र मिळालं. कंबरेचं वाचून काळजी वाटली. गरम मिठाच्या पुरचुंडीने शेक, औषधाच्या दुकानातल्या मलमांत पैसे घालू नकोस. सोबत कापड पाठवतेय, पांढरं सुती, चांगल्या विणीचं. जोएला वाढत्या अंगाची आहे, म्हणून जरा जास्तच घेतलंय.

तू लिहिलेल्या गोष्टीबद्दल मी एकदोघींकडे चौकशी केली. नक्की काही कळत नाही. तो माणूस पुष्कळ ठिकाणी फिरला होता. ऑर्थेलबद्दल मात्र तू वाईट मनात आणू नकोस, ती नसावी असं मला वाटतं.

आणि ताई, जिने कुणी सांगितलं तिच्या मनात वाईट होतं असंही नसेल. सरकारी माणूस दारात येतो, वहीत लिहून घेतो, तेव्हा बाईमाणूस गोंधळतं. आपण नीटनेटके आहोत, आपल्या घरात नळ आहेत, एवढंच तिला सांगायचं असेल. त्या उत्तराचं पुढे काय होणार हे तिला कुणी सांगितलं होतं का? शिवाय कारखाना मोठा आहे, शिकलेली माणसं आहेत, ती काही मुद्दाम घाण सोडणार नाहीत. आमच्या पाळकांना त्यांनी शब्द दिलाय. देवळापुढचं अंगण डांबरी करून देणार आहेत, म्हणजे पावसात म्हाताऱ्यांचे पाय चिखलात जाणार नाहीत.

उकाडा फार आहे. टोमॅटो लवकर लाल झाले. कालपासून जेवण जात नाही, पण ते उकाड्यामुळेच.

जोएलाला माझे आशीर्वाद.

वर्नील


फोर्क्स
१४ जून १९९१

वर्नी,

कापड परत पाठवतेय. घडी मोडलेली नाही.

तुझा तो प्रूइट सोमवारी इथे आला होता. आमच्या पाळकाने पत्र धाडून बोलावून घेतला. म्हणाला, "बाई, हद्दीखालचा भाग माझ्या कागदात नाही, पण बोलावलंत म्हणून आलो." मी त्याला वळणावरचा डोह दाखवला, मग ताक दिलं. ताक पिताना स्वतःहूनच म्हणाला, "वरच्या गावात कोणी उतरत नाही असं ज्या बाईंनी सांगितलं, त्यांनी केक दिला होता. तसा केक मी आजवर खाल्ला नाही. त्यात कसलातरी मसाला होता, घरी आईला वर्णन करून सांगितलं तर तिलाही ओळखता आला नाही."

मी म्हटलं, "जायपत्री."

म्हणाला, "तुम्हाला कसं कळलं?"

कसं कळणार? माझी आई गेल्यावर ज्या बाईने मला पोटच्या पोरीसारखं वाढवलं, ती तुझी आई लोण्याच्या केकमध्ये जायपत्री घालायची. ती गेली. आता या अख्ख्या मुलखात तसा केक करणाऱ्या दोघीच उरल्या. एक मी. आणि मी काही त्याला केक दिला नव्हता.

तुझं तीन तारखेचं पत्र आलं तेव्हाच खरं तर मला कळलं होतं. "तिच्या मनात वाईट नसेल," असं तू कधीपासून ऑर्थेलबद्दल लिहायला लागलीस? पण मी वाट बघत होते. म्हटलं, स्वतः लिहील.

एक सांग. शाळेत त्या गावातल्या पोरी नाकाला रुमाल लावून तुला "बेडकी" म्हणायच्या, केसांना ओढ्याचा वास येतो म्हणून. तेव्हा मी त्यातल्या एकीच्या डोक्यात जेवणाचा डबा घातला होता. तू घरी येऊन रडलीस आणि मी मार खाल्ला. मी ते विसरले होते. तू नाही विसरलीस, असं दिसतं. चाळीसेक वर्षांनी एक गोरा मुलगा व्हरांड्यात बसला, आणि तू त्याला न्हाणीघर दाखवायला नेलंस.

मला राग त्या उत्तराचा नाही. राग आहे तो तू मला दुसऱ्या बायकांकडे बघत ठेवलंस याचा.

लुडी


कॅली स्टेशन
२ जुलै १९९१

लुडीताई,

सलाम लिहायलाही हात धजत नाही.

मीच ती.

त्याने विचारलं होतं, "मॅडम, या ओढ्यात माणसं उतरतात का? अंघोळीला, कपडे धुवायला, बाप्तिस्म्याला?" मी म्हटलं, "छे छे, साहेब. आमच्यात कोणी ओढ्यात उतरत नाही. तसली माणसं इथे राहत नाहीत." त्याने तसंच लिहून घेतलं. मला वाटलं, बरं झालं, आपली लाज राहिली. "तसली माणसं" म्हणजे कोण, ताई? तू आणि मी. आई. गुडघाभर पाण्यात चादरी आपटणारी आई. हे बोलताना मला ती आठवलीसुद्धा नाही, हे मला सर्वांत जास्त लागतं.

तुझं मे महिन्यातलं पत्र वाचलं आणि कागद हातातून खाली पडला. एल्बर्टनी विचारलं काय झालं, मी म्हटलं ताईचं कंबरेचं. नवऱ्याशी खोटं बोलले, मग तुझ्याशी. देवळात गेले तर समोरच ती टाकी. रंगवलेल्या यार्देनकडे बघवत नाही. ती टाकी आम्ही बायकांनी तळलेले मासे विकून बांधली, मला तिचा अभिमान होता.

परवा एल्बर्टना सगळं सांगितलं. ते बराच वेळ टोमॅटोंना पाणी घालत राहिले. मग म्हणाले, "मी काय बोलू? अंगण डांबरी होणार म्हणून टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो."

तू कापड परत केलंस ते योग्यच केलंस. आता मी काय करू, ते मात्र सांग.

वर्नील


फोर्क्स
८ जुलै १९९१

वर्नी,

काय करू म्हणून मला विचारतेस? मला सांगून काय होणार, मी सरकार आहे का?

पंचवीस तारखेला तुमच्याकडे कोर्टाच्या इमारतीत सुनावणी आहे. कुणीही उठून बोलू शकतं, असं त्या कागदावर लिहिलंय. मला ही कंबर घेऊन गाडीत बसवत नाही. मी पत्र लिहून पाळकाच्या हाती धाडतेय, ते वाचतील. पण मी पडले हद्दीखालची. तू राहतेस पूल ते हद्द, त्या कागदातल्या भागात.

उठ आणि सांग, की आपण तिथे अंघोळ करायचो. साबणाने. सगळ्यांसमोर. ऑर्थेलसमोरसुद्धा.

जमणार नसेल तर घरी बस, पण मग मला मुरांब्याबद्दल पत्रं लिहू नकोस.

लुडी

ता. क. जोएला म्हणते, वर्नीमावशीला सांग, बेडकी म्हटलं तर मला राग येत नाही. मी तिला काही सांगितलं नव्हतं. पत्रं चोरून वाचते, कार्टी.


कॅली स्टेशन
२८ जुलै १९९१

ती. लुडीताईस,
प्रभूच्या नावात सलाम.

झालं ते सगळं जसंच्या तसं लिहिते, काही झाकत नाही.

कोर्टाचा वरचा मजला भरला होता. दारात कंपनीची माणसं तळलेल्या कोंबडीचे डबे वाटत होती. मी घेतला नाही. एल्बर्टनी घेतला, माझ्याकडे बघितलं, आणि गुपचूप खिडकीत ठेवला. मी इस्टरचा निळा पोशाख घातला होता. का, ते विचारू नकोस. वाटलं, असली गोष्ट सांगायची तर निदान कपडे तरी चांगले असावेत. म्हणजे बघ, खोड अजून गेलेली नाही.

टेबलाशी खात्याच्या एक वयस्क बाई बसल्या होत्या, शेजारी प्रूइट. आधी कंपनीचे साहेब बोलले, मग जिल्ह्याचे, मग आमचे पाळक. सगळं कामाबद्दल, आणि ते काही खोटं नव्हतं. मागे पोरं उभी होती, त्यांची तोंडं मला दिसत होती. मग तुझं पत्र वाचलं. तुझ्या त्या "ओढा उलटा वाहत नाही" वर लोक हसले, चांगलं हसले. पण बाई म्हणाल्या, "हा भाग हद्दीखालचा आहे. या प्रकरणात धरता येत नाही." आणि पत्र फाइलमध्ये गेलं.

"आणखी कोणी?"

ताई, मी समोरच्या बाकाला धरून उठले. म्हटलं, "माझं नाव वर्नील टॉलिव्हर. तुमच्या कागदातली ती जबाबदार महिला मीच. मी तुमच्या माणसाला चुकीचं सांगितलं."

प्रूइटचे कान लाल झाले. मी त्याच्याकडे न बघता बोलत गेले. आमच्या घरात नळ नव्हता. दर शनिवारी आम्ही पुलाखालच्या उथळ जागी अंघोळ करायचो, घरी केलेल्या चरबीच्या साबणाने. त्याच पाण्यात चादरी धुवायचो, आणि त्याच पाण्यात माझा बाप्तिस्मा झाला. केसांना वास यायचा. लोक हसायचे. "मला त्याची लाज वाटायची, म्हणून मी सांगितलं की कोणी उतरत नाही," असं म्हटलं.

बाई अगदी नम्रपणे बोलल्या. "ही कोणत्या सालची गोष्ट, मॅडम?"

"सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस."

"सांगितल्याबद्दल आभार. पण नियमाप्रमाणे पंचाहत्तर सालानंतर कोणी उतरत असेल तेवढंच आम्हाला धरता येतं."

झालं. इतकी वर्षं पोटात ठेवलेलं सगळ्या जिल्ह्यासमोर ओतलं, आणि सरकारच्या हिशेबी ते जुनं निघालं. मी खाली बसले. बाक कुठे आहे तेही दिसत नव्हतं.

माझ्यापुढे ऑर्थेल बसली होती, तिचा तो मोत्यांचा पिसासारखा ब्रोच लावून. ती मागे वळली आणि दातांतल्या दातांत म्हणाली, "वर्नील, एवढं सगळं जगाला सांगायची काय गरज होती गं? मीही वरच्या अंगाला तिथेच धुवायची. मी कुठे दवंडी पिटत फिरते?"

ऑर्थेल! शाळेत नाकाला रुमाल लावणाऱ्यांत ती पहिली होती. मी म्हटलं, "म्हणजे तुझ्या साबणाचं पाणी माझ्याकडे वाहत यायचं?" ती म्हणाली, "मग! तुला काय वाटलं, तुझ्या केसांना वास कशाचा यायचा?" आणि आम्ही दोघी म्हाताऱ्या कोर्टात तोंडावर पदरासारखे रुमाल धरून हसलो, आणि हसता हसता मला रडू आलं. तिलाही. तिच्या दोन्ही मुलांना त्या कारखान्यात जागा मिळतेय, म्हणून ती उठून बोलणार नाही, आणि मी तिला बोल म्हणणारही नाही.

बाहेर पायऱ्यांवर मी प्रूइटला गाठलं. माफी मागितली. तो म्हणाला, "मॅडम, चूक माझीही आहे. न्हाणीघर बघून मी निघून गेलो. खाली जाऊन ओढा बघायला हवा होता." मग मी सरळ विचारलं, "मुला, काय केलं तर धरलं जाईल?" (साहेब म्हणाले नाही, ताई. तोंडातून "मुला" असंच आलं.) तो म्हणाला, सहा सप्टेंबरपर्यंत लोकांचं म्हणणं घेणार आहेत. तेवढ्यात या भागात, पूल ते हद्द, माणसं खरोखर पाण्यात उतरताना दिसली, तर ते वापरात धरावं लागेल. "मी स्वतः येऊन बघीन आणि जे दिसेल तेच लिहीन. वरचे लोक काय ठरवतील ते माझ्या हातात नाही. वचन देत नाही." मला त्याचं वचन न देणं आवडलं.

घरी येऊन मी आमच्या पाळकांना विचारलं, एक बाप्तिस्मा ओढ्यात करूया का. म्हणाले, "सिस्टर टॉलिव्हर, तुम्हीच पैसे जमवून बांधलेली टाकी असताना? तीही कोमट पाण्याची?" आणि या वर्षी आमच्यात बाप्तिस्मा मागणारं कोणी नाहीही.

म्हणून हे पत्र, ताई. मागायला तोंड नाही, तरी मागते.

जोएलाला इथे आण, कंबरेमुळे तुला गाडीत बसवत नसेल तर पाळकांबरोबर धाड. एक सप्टेंबरला, रविवारी. पुलाखालच्या त्या उथळ जागेच्या पुढे डोह आहे, जिथे तू आणि मी वर आलो. तुमचे लिटल सोअरचे पाळक येतील तर त्यांना आण, तुमची गाणारी माणसं आण. मला ठाऊक आहे, तिची आई तुमच्या वळणावर वर आली आणि तुला तीही तिथेच हवी आहे. मी तुझ्याकडून ती जागा मागतेय, आणि ती धोक्यात आणली मीच. तू नाही म्हटलंस तर मी एक शब्द बोलणार नाही. आणि हेही खरं, की हो म्हटलंस तरी कदाचित कागद बदलणार नाही. पण त्या दिवशी पोरीला स्वच्छ पाणी मिळेल. कारखाना थंडीत सुरू व्हायचाय.

मी पाण्यात उभी राहीन, कमरेइतक्या, तिला बाहेर घ्यायला. निळ्या पोशाखात नाही, घरच्या कपड्यांत. प्रूइटने लिहायचं तर माझं नाव आधी लिहावं.

ऑर्थेलने निरोप धाडलाय की ती काठावरून गाईल. पाण्यात नाही, काठावरून. घोट्यापर्यंत आलं तर चालेल का, असं मी विचारलं. "बूट महागाचे आहेत," म्हणाली. मग थोड्या वेळाने पुन्हा निरोप आला, की जुने बूट आहेत एक.

तुला आठवतं, पूर्वी बाप्तिस्म्याच्या दिवशी मंडळीचा सेवक, डीकन, लांब काठी घेऊन आधी पाण्यात उतरायचा, तळ चाचपायला? टाकी झाल्यापासून ती काठी आमच्याकडेच पडून आहे. मी ती कपड्यांच्या दोरीला टेका म्हणून लावली होती, चांगलं लाकूड वाया कशाला घालवायचं. काल चादरी वाळत घालून आत गेले, परत येऊन बघते तर दोरी लोंबतेय आणि चादरी मातीत लोळतायत. ओरडायला तोंड उघडलं, तर एल्बर्ट व्हरांड्यात बसून त्या काठीचं टोक तासत होते. म्हणाले, "चादरी पुन्हा धू. तळ बदलला असेल, मला आधी बघून यायला हवं."

मी पुन्हा धुतल्या. न्हाणीतच धुतल्या, ओढ्यात जायचं धाडस अजून झालं नाही. पण झग्याच्या घेरात घालायला एल्बर्टच्या मासे धरायच्या गळाची शिशं काढून ठेवली आहेत, म्हणजे पोरीचा झगा पाण्यावर तरंगणार नाही.

कापड मी परत पाठवत नाही. घडी तशीच आहे. तुझं उत्तर हो असेल तर जोएलाचं माप पाठव, खांदा, छाती आणि उंची, म्हणजे मी कात्री लावते. नाही असेल तर मापं पाठवू नकोस, मी समजेन. पण काहीही असो, ताई, उलट टपाली कळव.

तुझी,
वर्नी